जुन्या स्विफ्ट १.३ पेट्रोलचा टायमिंग बेल्ट घरी बदलणे : मार्क, ताण आणि हाताने दोन फेरे

रेशीमबाग_गियर

ज्यांना टायमिंग बेल्टचं, म्हणजे क्रँक (पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडणाऱ्या दातेरी पट्ट्याचं काम घरच्या अंगणात, स्वतःच्या हाताने करायचं आहे त्यांच्यासाठी हा धागा. नमुना म्हणून २००५ ते २०१० मधली स्विफ्ट १.३ पेट्रोल धरली आहे, म्हणजे जी१३बीबी इंजिन. नंतरच्या १६ व्हॉल्व्हवाल्या एस्टीममध्ये आणि जिप्सी किंगच्या एमपीएफआय (इंजेक्शनवाल्या) मॉडेलमध्येही हेच इंजिन आहे. जिप्सीत ते उभं बसवलेलं असल्याने रेडिएटरच्या बाजूने काम करावं लागतं, स्विफ्टमध्ये ड्रायव्हर बाजूचं पुढचं चाक काढून.

आधी आपल्या इंजिनात बेल्ट आहे की चेन, हे पाहून घ्या. २०१० नंतरची १.२ के-सिरीज स्विफ्ट, के१० अल्टो, १.३ डीडीआयएस डिझेल या सगळ्या चेनवाल्या. जुनी ८००, ७९६ सीसीची अल्टो, १.१ ची वॅगनआर, सँट्रो, १.१ ची आय१०, इंडिका १.४ डिझेल, डस्टर १.५ डिझेल, जुनी इनोव्हा २.५ डिझेल या बेल्टवाल्या.

किती किलोमीटरला बदलायचा ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा, आणि त्यातली वर्षांची मुदतही तितकीच पाळा. नागपूरच्या व्हरायटी चौकात सिग्नलला एसी लावून उभी असलेली गाडी किलोमीटर करत नाही, पण बेल्ट फिरतच असतो. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता. अशा दिवसांत बॉनेटखाली काय होत असेल त्याचा अंदाज करा. गाडी जुनी घेतली असेल आणि बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल, तर तो बदलायचा आहे असंच धरून चला.

सामान: टायमिंग बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी चाकी), टेन्शनरची स्प्रिंग, कॅमचं तेल सील, क्रँकचं पुढचं तेल सील, वॉटर पंप आणि त्याचं गॅस्केट, फॅन बेल्ट, कूलंट. या इंजिनात वॉटर पंप फॅन बेल्टवर फिरतो, टायमिंग बेल्टवर नाही. तरी तो काढायचा झाला की टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर काढावेच लागतात. म्हणून पंपाखाली कूलंट वाळल्याचे डाग दिसले किंवा पंपाच्या शाफ्टला हाताने हालचाल जाणवली तर आत्ताच बदला, नाहीतर हेच सगळं पुन्हा उघडावं लागेल. पंप आणि ऑइल पंप यांच्यामध्ये, तसंच पंप आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) यांच्यामध्ये लहान रबरी सील असतात. पंप नवा घातला आणि ते जुनेच ठेवले की तिथून गळतं. दुकानात ते वेगळे मागून घ्या.

हत्यारं: गोटी पान्यांचा सेट, आवळण्याचा जोर मोजणारे दोन टॉर्क रेंच (एक लहान, १० न्यूटन मीटरच्या आसपास खात्रीने दाखवणारा, एक मोठा), जॅक, दोन स्टँड, लाकडी ठोकळा, आरसा, टॉर्च, पांढरा पेंट मार्कर.

काम

इंजिन रात्रभर थंड झालेलं असावं. जमीन सपाट आणि सिमेंटची. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. डावं मागचं चाक दोन्हीकडून अडवा. उजवं पुढचं चाक काढून गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका. चाकाच्या आतलं प्लॅस्टिक कव्हर काढा. चारही स्पार्क प्लग काढून प्लगची भोकं स्वच्छ कापडाने झाका. प्लग काढल्यावर इंजिन हाताने अलगद फिरतं आणि पुढे कुठे अडलं तर ते लगेच हाताला कळतं. हे टाळून काम करणारे बरेच आहेत. टाळू नका.

वॉटर पंपाच्या पुलीचे बोल्ट फॅन बेल्ट ताणलेला असतानाच थोडे सैल करा; बेल्ट काढला की पुली हातात फिरते आणि बोल्ट सुटत नाहीत. मग एसीचा आणि फॅनचा बेल्ट काढा, पंपाची पुली काढा. क्रँक पुलीला मध्ये एक मोठा बोल्ट आणि भोवती लहान बोल्ट असतात. लहान बोल्ट सोडले की बाहेरची पुली निघते. मधल्याला हात लावायची गरज फक्त क्रँकचं सील बदलायचं असेल तरच.

टायमिंगचं बाहेरचं कव्हर काढल्यावर बेल्ट लगेच सोडू नका. मधल्या बोल्टवर पाना लावून क्रँक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा आणि दोन्ही मार्क जुळवा. वर कॅम पुलीवर ‘ई’ अक्षराजवळची खूण, ती हेड कव्हरवरच्या ‘व्ही’ खाचेसमोर. खाली क्रँकच्या दातेरी पुलीवरची ठोकलेली टिंब-खूण, ती ऑइल पंपाच्या अंगावरच्या बाणासमोर. इथे दोन ठिकाणी हमखास फसगत होते. क्रँकच्या पुलीवर चावीची (पुली दांड्यावर घसरू न देणाऱ्या लोखंडी तुकड्याची) खाचही असते आणि टिंबही असतं. खाच म्हणजे मार्क नव्हे. आणि बाहेरच्या मोठ्या पुलीवरची रेघ इग्निशन टायमिंग पाहायला आहे, बेल्ट बसवायला नाही.

क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. त्यामुळे खालचा मार्क दर फेऱ्याला जुळतो, वरचा एक सोडून एक फेऱ्याला. खाली जुळलं आणि वर खूण उलट टोकाला दिसली तर आणखी एक पूर्ण फेरा द्या.

मार्क जुळले की टेन्शनरचा बोल्ट आणि स्टड सैल करा, टेन्शनर मागे ढकला, बेल्ट काढा. इथून पुढे ना कॅम फिरवायचा, ना क्रँक. बेल्ट नसताना दोघांचं नातं तुटलेलं असतं आणि जास्त फिरवलं तर पिस्टन व्हॉल्व्हला लागू शकतो; कंपनीच्या वर्कशॉप पुस्तकातही हा इशारा दिलेला आहे.

नवा टेन्शनर बसवताना त्याच्या प्लेटचं लहान बोंड टेन्शनरच्या भोकात गेलंच पाहिजे. बसवल्यावर प्लेट बोटाने वर ढकला; तिच्याबरोबर टेन्शनर हलला तर बरोबर. प्लेट हलते आणि टेन्शनर जागेवरच राहतो, असं झालं तर काढून पुन्हा बसवा. बोंड बाहेर राहिलं तर स्प्रिंगचा जोर बेल्टपर्यंत पोचत नाही, आणि वरून पाहताना सगळं ठीकच दिसतं.

आता बेल्ट. त्यावर दिशेचा बाण असला तर तो क्रँकच्या फिरण्याच्या दिशेने ठेवा. तोंड बेल्टकडे करून पाहिलं की उजवीकडची बाजू ओढणारी, डावीकडची ढिली. टेन्शनर ढिल्या बाजूला असतो. उजवीकडे अजिबात ढील न ठेवता बेल्ट आधी क्रँकवर, मग कॅमवर चढवा. सगळी ढील डावीकडे यायला हवी. स्प्रिंग लावा, स्टड हाताने टेकवा. क्रँक काट्याच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवा, हाताने, सावकाश. मार्क पुन्हा पाहा. जुळत असतील तर आधी स्टड ११ न्यूटन मीटर, मग टेन्शनरचा बोल्ट सुमारे २५. बाहेरच्या क्रँक पुलीचे लहान बोल्ट १६, कव्हरचे ११.

बोल्ट आवळून झाल्यावर आणखी दोन फेरे आणि पुन्हा एकदा मार्क. यानंतरच प्लग, बाकीचे बेल्ट, चाक. फिरवताना कुठेही ‘कट्ट’ करून अडलं तर जोर लावू नका. तिथेच थांबून बेल्ट काढा आणि पहिल्यापासून जुळवा. हाताने वाकलेला व्हॉल्व्ह विरळा, स्टार्टरने वाकलेले असंख्य.

टॉर्क_मीटर

भाऊ, उत्तम लिहिलंय. मधल्या बोल्टबद्दल जोडतो. क्रँकचं सील बदलायचं ठरलं तर तो बोल्ट सुटण्यासाठी क्रँक अडवावा लागतो. पाचवा गिअर टाकून दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरणं, ही घरची सोपी रीत. पण हे बेल्ट काढायच्या आधी करून घ्या, म्हणजे बोल्ट सुटताना क्रँक थोडा फिरला तरी कॅम बरोबर फिरेल. सैल करून पुन्हा हलका आवळा, मार्क जुळवा, मग बेल्ट काढा. परत आवळताना १३० न्यूटन मीटर, तोही बेल्ट बसवून झाल्यावर.

दोन गोष्टी कृपा करून करू नका. प्लगच्या भोकातून पेचकस घालून पिस्टन अडवायचा नाही. पिस्टनच्या माथ्याला खड्डा पडतो किंवा पेचकस तिरपा होऊन व्हॉल्व्हला लागतो. आणि पान्याची मूठ चेसिसला टेकवून स्टार्टरचा झटका द्यायचा नाही. पाना सटकला तर हात जातो.

कॅमचं सील बदलायला कॅम पुली काढावी लागते. तो बोल्ट ६० न्यूटन मीटरचा आहे. सोडताना पुलीच्या भोकात दांडी घालून पुली धरा, बेल्टच्या भरवशावर सोडू नका; बेल्टच्या दातांवर तो जोर यायला नको.

खामला_वर्कशॉप

मार्क जुळवायचं सगळं बरोबर, पण गल्लीतले बरेच मेकॅनिक वेगळी पद्धत वापरून राहिले, ती पण लिहितो. जुना बेल्ट जागेवर असतानाच बेल्टवर आणि दोन्ही पुल्यांवर समोरासमोर पांढऱ्या रेघा मारायच्या. बेल्ट काढून नव्याशेजारी ठेवायचा, दोन रेघांमधले दात मोजायचे, तेवढ्याच दातांवर नव्या बेल्टवर रेघा मारायच्या आणि रेघेला रेघ लावून चढवायचा. अंधाऱ्या जागी, जिथे कंपनीचा मार्क आरशातूनही नीट दिसत नाही, तिथे फार कामाची पद्धत आहे.

रेशीमबाग_गियर

@खामला_वर्कशॉप, सोबतीला म्हणून मान्य, एकट्याने नाही. जुना बेल्ट आधीच एक दात चुकलेला असेल तर तुमच्या रेघा तीच चूक नव्या बेल्टवर उतरवतात. गाडी पूर्वी कोणी उघडली होती हे आपल्याला माहीत नसतं. आधी कंपनीचे मार्क जुळवा, मग हव्या तर रेघा मारा. तेव्हा रेघा खरंच उपयोगी पडतात, कारण चढवताना बेल्ट एखादा दात सरकला तर लगेच डोळ्याला दिसतं.

दात मोजण्याचा दुसरा फायदा मात्र पक्का: नवा बेल्ट बरोबर नंबरचा आला आहे की नाही ते गाडी उघडी असतानाच कळतं. एकूण दात, रुंदी आणि दाताचा आकार, तिन्ही जुन्याशी ताडून पाहा. गोल दात आणि चौकोनी दात एकमेकांच्या पुलीवर चालत नाहीत.

हिंगणा_टी_पॉइंट

रेघांवरून होणारा घोटाळा लिहिते, कारण बऱ्याच जणांचा जीव इथे टांगणीला लागतो. दोन फेरे फिरवल्यावर पुल्यांचे मार्क परत जागेवर येतात, पण बेल्टवरच्या रेघा येत नाहीत. बेल्टचे दात आणि पुलीचे दात यांचा हिशेब दोन फेऱ्यांत पुरा होत नाही. रेघा पुन्हा जुळायला कितीतरी फेरे जातात. म्हणून फेरे दिल्यावर बेल्टकडे पाहायचंच नाही, फक्त पुल्या आणि त्यांच्यासमोरच्या खाचा पाहायच्या. रेघ सरकली म्हणून बेल्ट काढून पुन्हा चढवणारे असतात, आणि त्या भानगडीत बरोबर बसलेला बेल्ट चुकीचा बसतो.

दुसरा नेहमीचा प्रश्न: ‘मार्क अर्ध्या दाताने पुढेमागे दिसतोय, काय करू?’ अर्धा दात चुकणं शक्यच नसतं. चूक झाली तर ती पूर्ण दाताचीच असते. समजा क्रँकच्या पुलीला २० आणि कॅमला ४० दात आहेत. मग एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८ अंश. एवढा फरक लपत नाही. अर्ध्याएवढा दिसत असेल तर क्रमाने तपासा:

– पाहण्याचा कोन. वरून तिरपं पाहिलं की कॅमचा मार्क हमखास सरकलेला दिसतो. डोळा पुलीच्या मध्याच्या उंचीवर आणा, नाहीतर मोबाइल तिथे धरून फोटो काढा.

– ओढणाऱ्या बाजूला ढील राहिली होती का. तसं असेल तर फेरे दिल्यावर क्रँकचा मार्क जुळतो आणि कॅमचा मार्क ‘व्ही’पर्यंत पोचत नाही, मागेच राहतो. बेल्ट काढून कॅमवर एक दात बदलून पाहा. कोणत्या स्थितीत फरक कमी राहतो ते डोळ्यांनी ठरवा.

– हेड पूर्वी घासलेलं आहे का. हेड घासलं की कॅम क्रँकच्या किंचित जवळ येतो आणि मार्क कायमचा थोडा सरकून बसतो. तिथे सगळ्यात जवळचा दात हाच बरोबर दात.

आणि फेरे नेहमी इंजिन चालतं त्याच दिशेने. मार्क ओलांडला गेला तर उलटं मागे आणू नका, पुन्हा दोन फेरे पुढे जा. उलटं फिरवलं की ढील ओढणाऱ्या बाजूला जाते आणि तुम्ही पाहता ते खरं नसतं. जुन्या पहिल्या पिढीच्या होंडा सिटीवाल्यांनी लक्षात ठेवा, ते इंजिन काट्याच्या उलट दिशेने फिरतं.

टॉर्क_मीटर

ताई, ढिलीचा मुद्दा फार महत्त्वाचा. त्यालाच जोडून: या इंजिनात बेल्टचा ताण स्प्रिंग ठरवते, आपण नाही. पेचकसने टेन्शनर दाबून ‘थोडा अजून टाइट’ करायचा मोह टाळा. जास्त ताणलेला बेल्ट गाडी चालू असताना शिट्टीसारखा बारीक आवाज काढतो, जो वेगाबरोबर चढतो. टेन्शनरचं बेअरिंग लवकर जातं. ढिला बेल्ट कव्हरला फटके मारतो, सुरू करताना किंवा बंद होताना ‘फडफड’ ऐकू येते. दात सुटायचा धोका असतो तो याच वेळी, इंजिन सुरू होताना किंवा बंद होताना मागे झटका घेतं तेव्हा.

स्प्रिंग बेल्टला नीट ताणू शकली पाहिजे म्हणून कॅम मोकळा असावा लागतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला एका बाजूला ढकलत असतात. वर्कशॉपच्या पद्धतीत रॉकरचे (कॅमच्या जोराने व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्यांचे) सगळे ॲडजस्टिंग स्क्रू सैल करून मग बेल्ट ताणतात आणि शेवटी क्लिअरन्स (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) लावतात. ज्यांना व्हॉल्व्ह क्लिअरन्स तसंही तपासायचं आहे त्यांनी हे एकत्रच करावं, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हाताशी ठेवून. ज्यांना ते येत नाही त्यांनी हेड कव्हर उघडू नये. दोन फेऱ्यांनी कॅम व्हॉल्व्हच्या सगळ्या स्थितींतून जातो आणि ताण बऱ्यापैकी सारखा होतो.

कामठी_रोड_डिझेल

डस्टर, टेरानो, लोगान डिझेलवाल्यांनी वरची पद्धत जशीच्या तशी उचलू नये बाप्पा. त्या १.५ के९के इंजिनात मार्कवर नाही, पिनांवर काम चालते. एक पिन ब्लॉकमध्ये आटे फिरवून घालायची, क्रँक तिला टेकतो. दुसरी कॅम पुलीच्या भोकातून हेडमध्ये जाते. हाय प्रेशर पंपाची पुली आणि वॉटर पंपही याच बेल्टवर. त्यामुळे तिथे बेल्टबरोबर वॉटर पंप बदलायचा, विचारायचंच नाही. पिना जागा दाखवायला असतात, जोर झेलायला नाही. पिन घातलेली असताना क्रँक पुलीचा बोल्ट सोडला की पिन वाकते, मग बसवते ते सगळं चुकीचं.

जुन्या इनोव्हाच्या २.५ डिझेलमध्ये तेलावर चालणारा टेन्शनर आहे. तो व्हाइसमध्ये उभा धरून अगदी हळूहळू दाबायचा, भोकं समोर आली की बारीक पिन घालून ठेवायची आणि बेल्ट चढल्यावर पिन ओढायची. झटक्यात दाबला की आतलं सील जाते. काम झाल्यावर मीटरमधला टी-बेल्ट दिवा रीसेट करा, नाहीतर पुढच्या वेळचा हिशेबच लागत नाही.

जास्त किलोमीटर चाललेल्या गाड्या समृद्धीवरून शिर्डीपर्यंत एका दमात नेणाऱ्यांनी बेल्टची तारीख आधी पाहून घ्यावी. मधे बेल्ट तुटला तर गाडी जागेवर बंद पडते, पॉवर स्टीअरिंग जड होते आणि ब्रेकचं व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपते. तुटल्याची शंका आली तर पुन्हा पुन्हा सेल मारू नका. टो करा.

खामला_वर्कशॉप

बेल्ट हाताळायचं राहिलं. नवा बेल्ट खिशात कोंबून, घडी घालून, उलटा करून आणू नका. आत काचेच्या धाग्याच्या दोऱ्या असतात. मुडपल्या की बाहेरून काही दिसत नाही, पण दोरी तिथे कमजोर होते आणि पुढे तिथूनच तुटते. बेल्टला तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-४०, पेट्रोल काहीही लावायचं नाही. चढत नसेल तर पेचकसने पुलीच्या काठावरून उचकटायचा नाही. टेन्शनर पूर्ण मागे गेलेला नसतो, ते पाहायचं.

जुना बेल्ट फेकण्याआधी वाचा. दाताच्या मुळाशी चिरा असतील तर वय झालं. पाठ चकचकीत असेल तर उष्णता किंवा घसरण. एका कडेला धागे निघाले असतील तर टेन्शनर तिरपा आहे, नुसता बेल्ट बदलून उपयोग नाही. बेल्ट तेलाने फुगलेला असेल तर सील गळतंय. ते न बदलता नवा घातला तर नवाही तसाच फुगेल.

हत्यारांसाठी इतवारीत लोहा ओळीकडे पाहा, पण टॉर्क रेंच घेताना सर्वात स्वस्त घेऊ नका. ११ न्यूटन मीटरचा स्टड जादा आवळून तुटला की ॲल्युमिनियमच्या आट्यांसकट येतो. बेल्ट आणि टेन्शनर कंपनीच्या अधिकृत काउंटरवरून किंवा गेट्स, कॉन्टिटेक, डेको यांचा, बिलासह. पाकिटावरची छपाई पुसट असेल, बेल्टवर नंबर नसेल तर घेऊ नका.

हिंगणा_टी_पॉइंट

पहिल्यांदा सुरू करतानाचं. पंप बदलला असेल तर आधी कूलंट भरा, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून हवा निघू द्या. सुरू केल्यावर आयडल डगमगतंय, पिकअप मंद आहे, चेक इंजिन दिवा लागला, तर एक दात चुकल्याची शंका पहिली. स्कॅनरवर कॅम आणि क्रँक जुळत नसल्याचा कोड आला तर ती शंका आणखी पक्की. सेन्सर बदलत बसू नका, कव्हर उघडून मार्क पाहा. ‘चालतेय ना’ म्हणून एक दात चुकलेली गाडी चालवू नका. पेट्रोल जास्त खाते, आणि पुढे आणखी एक दात सुटला की व्हॉल्व्ह लागायला जागा उरत नाही.

काम झाल्यावर टायमिंग कव्हरवर पेंट मार्करने तारीख, किलोमीटर आणि काय काय बदललं ते लिहून ठेवा. पंप जुनाच ठेवला असेल तर तेही लिहा.

रेशीमबाग_गियर

@हिंगणा_टी_पॉइंट, पंपाबद्दल लिहायचं हे मूळ पोस्टमध्येच यायला हवं होतं, आभार. क्रँक आणि कॅमचे मार्क नेमके कुठून पाहायचे त्याचे जवळून घेतलेले फोटो कोणाकडे असतील तर इथेच टाका, स्विफ्टचे आणि जिप्सीचे वेगवेगळे.